आवडलेल्या थ्रिलरच्या लेखकाचं आधीचं पुस्तक वाचलंत, मग काय झालं?

मंडळी, पाऊस लागलाय, लाइट येऊन जाऊन आहे, म्हणजे वाचनाचा सीझन. एखादं थ्रिलर डोक्यात बसलं की आपण त्याच लेखकाचं जुनं काय मिळतंय ते हुडकतो, मग कधी लॉटरी लागते कधी नारळ नासका निघतो. तुमचं काय झालं ते लिहा.

मी रत्नागिरीचा, सुरुवात करतो. डॅन ब्राऊनचं 'दा विंची कोड' (२००३) तुतारी एक्सप्रेसमध्ये वाचायला घेतलं आणि उतरायचं स्टेशन चुकता चुकता राहिलं. मग नगर वाचनालयातून (१८२८ पासूनचं आहे आमचं, उगाच नाही) 'एंजल्स अँड डेमन्स' आणलं, ते २००० चं, नायक लँग्डनचं पहिलं प्रकरण खरं तर हेच. मला जास्त आवडलं. मग हाव सुटली आणि अगदी पहिलं, १९९८ चं 'डिजिटल फोर्ट्रेस' घेतलं, तिथे गडबड झाली. तिन्हीत सुरुवातीलाच एक जाणकार माणूस मरतो, एकात म्युझियमवाला, एकात शास्त्रज्ञ, एकात प्रोग्रामर, आणि मग दोन-तीन पानांची प्रकरणं, प्रत्येकाच्या शेवटी टांगून ठेवणार. पेडव्याचे काटे कुठे असतात ते एकदा कळलं की जेवताना बघावं लागत नाही तसं झालं, अर्ध्यातच बायकोला सांगितलं हाच तो. तोच निघाला. तीच पुस्तकं उलट्या क्रमाने वाचली असती तर तिसऱ्याला दोष दिला असता बहुतेक.

*

मी दापोलीची. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठवतंय ना, त्यानंतर आमच्याकडे कित्येक दिवस लाइट नव्हते, फोन मेलेला, म्हणून मेणबत्तीवर 'शार्प ऑब्जेक्ट्स' वाचलं. जिलियन फ्लिनचं 'गॉन गर्ल' (२०१२) आधीच दोनदा झालेलं. हे तिचं पहिलंच, २००६ चं, आणि पानं कमी, पण काय गुदमरायला होतं! बातमीदार बाई मुलींच्या खुनांची बातमी करायला आपल्याच गावी जाते, तिथे सगळ्यांना सगळ्यांचं माहीत, आणि आई. ती आई!! गाव अमेरिकेतलं, मिसुरीतलं, पण मला सारखी आमची वाडीच दिसत होती. संपलं म्हणून मिटायला गेले तर अजून काही पानं शिल्लक, आणि खरा दणका तिथेच. नंतर आठ दिवस सासूबाईंनी दिलेला काढा मी गुपचूप तुळशीत ओतला.

*

अहो ताई, काढ्याचं कशाला सांगितलंत, अर्धं पुस्तक फोडलंत की! मी कालच मागवलंय.

*

हर्णैवरून. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होडी शाकारून ठेवली की आम्ही रिकामेच. केइगो हिगाशिनोचं 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' भाच्याने दिलं, ते जपानीत २००५ चं, इंग्रजीत २०११ ला आलं. मग त्याचंच 'मॅलिस' घेतलं, मला वाटलं नवीन आहे, तर ते जपानीत १९९६ चं आणि इंग्रजीत आलं २०१४ ला! म्हणजे लेखकाचं आधीचं आपल्या हातात नंतर. खून कोणी केला ते लवकरच सांगून टाकतो, म्हटलं आता उरलेल्या पानांत काय करणार हा. तर का केला यावर सगळं पुस्तक चालतं, आणि जे लिहून ठेवलंय त्यावरच विश्वास ठेवता येत नाही. मला सस्पेक्ट एक्सपेक्षा हेच भारी वाटलं, भाचा भांडतो.

*

मालवणातून, थोडं विषय सोडून. 'दुनियादारी' वाचून वेडी झाले होते, तेव्हा बाबा म्हणाले त्याच सुहास शिरवळकरांच्या रहस्यकथा माळ्यावर ट्रंकेत आहेत, फिरोज इराणी, दारा बुलंद वगैरे नायकांच्या. रात्री वाचत बसले तर आजी ओरडली, "रातभर लाइट कित्याक जळता गो?" एक तर इतकी रंगली होती, आणि शेवटची पानं वाळवीने खाल्लेली. खुनी कोण ते आजतागायत कळलं नाही. कुणाकडे प्रत असेल तर विचारलं असतं, पण कव्हरही वाळवीनेच नेलंय, नावच माहीत नाही.