प्रतिसाद: एकाच राज्यात इतक्या ‘वॉशिंग्टन टाउनशिप’?

अमेरिकेत एकाच राज्यात इतक्या ठिकाणांचं नाव ‘वॉशिंग्टन टाउनशिप’, मग गोंधळ होत नाही का, असं वर विचारलंय. होतो की! पण टाउनशिप हा काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा) तुकडा, त्यामुळे काउंटी वेगळी असली की नाव तेच चालतं. अट पोस्टाची: एका राज्यात एका नावाचं एकच पोस्ट ऑफिस. म्हणून पत्त्यात बहुधा शेजारच्या गावाचं नाव येतं.

न्यू जर्सीत तर कहरच. बर्लिंग्टन काउंटीतली वॉशिंग्टन टाउनशिप म्हणजे पाइन बॅरन्सच्या जंगलातली जेमतेम काहीशे लोकवस्ती, ग्लॉस्टरमधली चाळीस हजारांच्या वर! मर्सर काउंटीवाल्यांनी शेवटी कंटाळून मतदान घेतलं आणि 2008 पासून नाव रॉबिन्सव्हिल केलं. हो, अमेरिकेतल्या अक्षरधाम मंदिराचं गाव ते हेच. बाकीचे मात्र वॉशिंग्टनसाहेबांना सोडायला तयार नाहीत.