चिप बॉक्स लावल्यापासून चढावर ट्रकचा दम जातोय, कोड पी००८७: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

तीन आठवडे डोकं खाजवून झालं, म्हणून धागा काढतोय. गाडी चार सिलिंडरची, तीन लिटरचं कॉमन रेल डिझेल (सगळ्या नोझलांना एकाच जाड नळीतून, म्हणजे रेलमधून, जबर प्रेशरचं डिझेल मिळतं), टर्बो, इंटरकूलर, हाताचा गिअर. डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) आहे. १ लाख ८० हजार किलोमीटर झालेत. भरलेली गाडी लांब चढाला रांगायची, म्हणून पॉवर वाढवणारा चिप बॉक्स बसवला. ईसीयूतली (इंजिनच्या कॉम्प्युटरमधली) फाइल बदलायचा प्रकार नाही. रेल प्रेशर सेन्सरचा कपलर काढायचा आणि सेन्सर व वायरिंग यांच्या मध्ये डबा जोडायचा, तो. बसवायला अर्धा तास लागला. इंजिन थंड होतं, बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवली होती, आणि डब्याच्या वायरी एक्झॉस्टपासून लांब बांधल्यात.

रिकामी गाडी झकास पळते, तिथे काही तक्रार नाही. पण माल भरलेला असताना, चौथ्या गिअरात २२०० ते २६०० आरपीएमला पेडल तळाला ठेवून चढ चढायला लागलो की पंधरा-वीस सेकंदांत चेक इंजिनची लाईट लागते आणि गाडीतला जीवच जातो. बाजूला घेऊन किल्ली बंद-चालू केली की परत नीट. स्कॅनरवर दरवेळी एकच कोड: पी००८७, म्हणजे रेलमधलं प्रेशर फार कमी.

इथेच माझी गाडी अडलीय. प्रेशर वाढवतो म्हणून डबा घेतला, आणि ईसीयू म्हणतो प्रेशर कमी पडतंय. हा काय न्याय?

डब्याला सात पायऱ्या आहेत. पाचवरून तीनवर आणून पाहिलं. कोड उशिरा येतो, पण येतोच. डबा काढून टाकायचं जिवावर आलंय, कारण स्क्रीनवर अ‍ॅव्हरेज ८.१ वरून ८.९ झालंय. एक मात्र खटकतंय: डीपीएफ आधी साधारण ५०० किलोमीटरला एकदा काजळी जाळून घ्यायचा, आता ३०० लाच घेतो. याचा त्याचा काही संबंध आहे का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद:
काढा तो डबा आणि विषय संपवा. (मदत हवी होती ना? ही घ्या.)

प्रतिसाद:
वरचा सल्ला अगदीच वाईट नाही, पण प्रश्न चांगला आहे म्हणून नीट लिहितो.

तुमचा डबा स्वतः काहीही वाढवत नाही. तो खोटं बोलतो. रेलवरच्या सेन्सरला तीन वायरी असतात: पाच व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. प्रेशर जितकं जास्त तितका सिग्नलचा व्होल्टेज जास्त, साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचारपर्यंत. डबा हा सिग्नल थोडा उतरवून ईसीयूला देतो. ईसीयूला वाटतं प्रेशर कमी आहे, म्हणून तो हाय प्रेशर पंपाला आणखी डिझेल घ्यायला लावतो. नोझल उघडं राहायचा वेळ तेवढाच, पण मागचा रेटा जास्त, म्हणून डिझेल जास्त पडतं. रेटा १२ टक्के वाढला म्हणून डिझेल १२ टक्के वाढत नाही. ते वर्गमुळाच्या हिशेबाने वाढतं, म्हणजे सुमारे सहा टक्के.

आता तुमचं कोडं. ईसीयूने १५०० बार मागितले, तर डबा लावलेल्या गाडीत पंपाला खरे १६५० च्या पुढे द्यावे लागतात, तेव्हा कुठे ईसीयूला १५०० दिसतात. पंपाला ते जमलं नाही की ईसीयूला दिसणारा आकडा मागणीच्या खाली जातो, आणि पी००८७ लागतो. त्या क्षणी खरं प्रेशर किती होतं हे ईसीयूला ठाऊकच नसतं. स्कॅनर ईसीयूचंच ऐकून सांगतो, त्यामुळे तोही तेच खोटं दाखवतो.

खरा आकडा हवा असेल तर डब्याच्या अलीकडे, सेन्सरच्या बाजूला, मल्टीमीटर लावा. वायरीला भोसकू नका. कपलरच्या मागून बारीक पिन सारून सिग्नल घ्या आणि मीटर शेजारी बसलेल्याच्या हातात द्या, चालवता चालवता स्वतः बघू नका. तुमच्या सेन्सरचे शून्य बारचे आणि कमाल बारचे व्होल्ट किती ते माहितीपत्रकात मिळेल.

आणि हो, इंजिन चालू असताना रेलचा किंवा नोझलचा एकही पाइप सैल करू नका. त्या प्रेशरची बारीक धार कातडीतून आत जाते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि हात गमवायची वेळ येते.

प्रतिसाद:
रेलवर प्रेशर लिमिटचा व्हॉल्व्ह असेल बघा. तो उघडत असणार. त्याच्या जागी बंद बोल्ट मारा, नाहीतर स्प्रिंगखाली वॉशर टाका. माझ्या ओळखीत दोघांनी केलंय, गाड्या पळतात.

प्रतिसाद:
कृपा करून असलं काही करू नका. रेलमध्ये प्रेशर बेफाम वाढलं तर ते टाकीकडे सोडायला शेवटचा दरवाजा तोच आहे. तो बंद केल्यावर मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा) अडकला तर पुढचा कमकुवत भाग शोधून प्रेशर बाहेर येईल, आणि तो भाग कोणता हे तुम्ही ठरवत नाही.

शंका मात्र रास्त आहे. हा व्हॉल्व्ह दोन-चार वेळा उघडला की नंतर नीट बसत नाही, गळत राहतो, आणि त्यानेही पी००८७ येतो. तपासणी सोपी आहे. इंजिन बंद असताना व्हॉल्व्हच्या रिटर्नची नळी काढून बाटलीत सोडा, टाकीकडे जाणाऱ्या लाइनचं उघडं तोंड बुचाने बंद करा, मग इंजिन आयडलवर ठेवा. बाटली कोरडी राहिली पाहिजे. थेंब पडत असतील तर व्हॉल्व्ह गेला.

धागाकर्ता:
सर्वांचे आभार. रविवारी मोजमाप केलं. सेन्सर अर्ध्या व्होल्टला शून्य आणि साडेचारला १८०० बारचा निघाला, म्हणजे एका व्होल्टला ४५० बार.

सपाटीवर पेडल तळाला: स्कॅनरवर मागणी १५००, दिसणारे १५००. मीटरवर ४.२ व्होल्ट, म्हणजे खरे १६६५.
चढावर कोड लागायच्या आधी: मागणी १५००, दिसणारे १२८०. मीटरवर ३.७ च्या आसपास.

व्हॉल्व्हची बाटली कोरडी राहिली. बंद बोल्ट मारणार नाही, काळजी नसावी.

प्रतिसाद:
दुसऱ्या ओळीचा हिशेब तुम्ही पुढे नेला नाहीत. ३.७ व्होल्ट म्हणजे खरे १४४० बार. ईसीयूची मूळ मागणी १५०० होती. डबा नसलेल्या गाडीला जेवढं लागतं तेवढंही रेलमध्ये उरत नाहीये! पंपाला पुरेसं डिझेल पोचत नाही, किंवा पोचलेलं कुठेतरी परत निघून जातंय. रोजच्या चालवण्यात ते झाकलेलं होतं, डब्याने सहा टक्के जास्त मागितलं आणि उघडं पडलं.

डबा काढा, सेन्सरचा कपलर थेट जोडा, आणि तोच चढ तेवढ्याच मालाने चढून मागणी आणि दिसणारं प्रेशर लिहून घ्या. नंतर टाकीकडून पुढे यायला लागा. डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदललात? पाणी वेगळं करणाऱ्या भांड्याचं सील, टाकीतली जाळी, नळीचे क्लिप बघा. फिल्टर ते पंप या तुकड्यात तात्पुरती पारदर्शक नळी टाकली तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. हवा धरणारी लाइन आयडलला बहुतेक वेळा सापडत नाही, ओढ वाढली की सापडते. तुमचं पंधरा-वीस सेकंदांचं लक्षण त्याच्याशी जुळतंय.

तिथे काही निघालं नाही तर नोझलचं रिटर्न मोजा. चारही नोझलांच्या रिटर्नला सारख्या बाटल्या लावा, इंजिन ठरावीक वेळ चालवा. एक बाटली बाकीच्यांच्या दुप्पट भरली तर ते नोझल झिजलंय.

प्रतिसाद:
क्लचकडेही लक्ष असू द्या. हे डबे टॉर्क (इंजिनचा फिरवायचा जोर) वाढवतात तो खालच्या आरपीएमला, आणि १ लाख ८० हजारचा क्लच मूळ टॉर्कलाच काठावर असू शकतो. वरच्या गिअरात पेडल दाबल्यावर आरपीएमचा काटा चढतो पण वेग चढत नाही, असं दिसलं की समजा.

प्रतिसाद:
अ‍ॅव्हरेजबद्दल कोणी बोललं नाही म्हणून मी बोलतो. ८.९ वर विश्वास ठेवू नका. स्क्रीनवरचं अ‍ॅव्हरेज डिझेल मोजून येत नाही. ईसीयूने नोझलांना जेवढं सोडायला सांगितलं, त्याची ती बेरीज असते. डब्यामुळे जे जास्त पडतं ते त्या वहीत लिहिलंच जात नाही. शिवाय गाडी हलकी वाटते म्हणून तुम्ही पेडल कमी दाबता, ईसीयू कमी डिझेल लिहितो, आणि स्क्रीन खूष. टाकी गळ्यापर्यंत भरा, तीनशे-चारशे किलोमीटर चालवा, परत तेवढीच भरा आणि भागाकार करा.

डीपीएफचंही तेच. ईसीयूला वाटतं एवढं डिझेल, एवढी हवा, म्हणजे एवढी काजळी. प्रत्यक्षात डिझेल जास्त, काजळी जास्त. फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या प्रेशरमधला फरक वाढला की मग त्याला जाग येते आणि लवकर जाळून घ्यावं लागतं. ऑटोमॅटिक गिअर असता तर आणखी एक भानगड झाली असती: गिअरबॉक्सलाही ईसीयू टॉर्कचा कमी आकडा कळवतो, तो क्लच हलके दाबतो, आणि ते घसरतात. डीपीएफ काढून टाका असं सांगणारे भेटतील. कित्येक देशांत ते बेकायदा आहे, आणि काजळी तेवढीच राहते, फक्त मागून येणाऱ्याच्या तोंडावर जाते.

धागाकर्ता:
अपडेट देतो, उशीर झाला.

डबा काढून तोच चढ चढलो. कोड आला नाही, पण मागणी १५०० असताना दिसणारं प्रेशर १४२० पर्यंत घसरलं. म्हणजे आजार आधीचाच. फिल्टर बदलून ४० हजारांच्या वर झाले होते, हे लिहिताना लाज वाटतेय. नवा टाकला, थोडा फरक पडला. मग पारदर्शक नळी टाकली आणि दोन मिनिटं आरपीएम चढवून धरले तर बुडबुड्यांची माळ. पाण्याच्या भांड्याचं रबरी सील सुकून कडक झालं होतं. डिझेल बाहेर गळत नव्हतं, हवा मात्र आत जात होती. सील बदलल्यावर, डब्याशिवाय, त्याच चढावर फरक २० बारच्या आत. आणि खरं सांगू का, गाडी इतकी सुधारलीय की चढाची जी तक्रार घेऊन मी डबा घेतला, तिच्यातली निम्मी याच सिलाची होती.

टाकी भरून हिशेबही केला. डब्यासह प्रत्यक्षात ८.०. स्क्रीन ८.९ म्हणत होती.

डबा आत्ता कपाटात आहे. पायरी दोनवर परत लावायचा विचार आहे, पण आधी एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा काटा बसवतो. प्रोब टर्बोच्या आधी लावू की नंतर? आणि मॅनिफोल्डला (सिलिंडरांचा धूर टर्बोकडे नेणाऱ्या नळीला) भोक पाडताना लोखंडाचा चुरा टर्बोत गेला तर?

प्रतिसाद:
टर्बोच्या आधी. टर्बोच्या मागे लोडवर तापमान शंभर डिग्रीच्या वर कमी दिसू शकतं, आणि तो फरक लोडप्रमाणे बदलतो, त्यामुळे अंदाज लावून भागत नाही. सर्व सिलिंडरांचा धूर जिथे एकत्र येतो तिथे, टर्बोच्या तोंडाजवळ, के टाइपचा (जास्त तापमान मोजणारा) प्रोब बसवा. पिस्टन ॲल्युमिनियमचे आहेत हे लक्षात ठेवा. लांब चढावर ७०० सेल्सिअस दिसायला लागले की पाय सैल करा आणि गिअर खाली घ्या. आरपीएम वाढले की हवा जास्त येते आणि काटा उतरतो. काळा धूर दिसत असेल तर काटा बघायचीही गरज नाही, डिझेल हवेपेक्षा जास्त आहे.

चुऱ्याचं भय खरं आहे. ड्रिलला ग्रीस फासून, थांबत थांबत, दर वेळी पुसत भोक पाडणारे आहेत. मॅनिफोल्ड बिडाचं (ओतीव लोखंडाचं) असल्यामुळे चुंबकाने बराचसा चुरा निघतो. पण टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं, त्यात एक कण गेला तरी पाती चावली जाऊ शकतात. मॅनिफोल्ड खोलून टेबलावर भोक पाडा, आटे पाडा, धुवा, नवी गॅस्केट टाकून बसवा. जुने स्टड तुटू नयेत म्हणून आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

धागाकर्ता:
खोलूनच करतो. स्टड तुटला तर नवा धागा काढतो.