मदत हवी आहे : मिलचा ड्राइव्ह सुरू झाला की मॉडबस तुटतो

मंडळी, साखर कारखान्यात मिल हाउस आणि बॉयलर हाउसचे पीएलसी (यंत्रं चालवणारे औद्योगिक संगणक) आरएस-४८५ केबलवर मॉडबस आरटीयूने (यंत्रांनी एकमेकांना डेटा पाठवायची पद्धत) जोडलेत, ९६०० बॉड वेगाला. मिल बंद असताना लिंक ठणठणीत. मिलचा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) वेग घेऊ लागला की टाइमआउट सुरू, म्हणजे वेळेत उत्तरच येत नाही. बगॅसचा (बॉयलरमध्ये जळणाऱ्या उसाच्या चिपाडाचा) आकडा बॉयलरच्या स्क्रीनवर गोठतो आणि ऑपरेटरला ते कळतही नाही. खरी काळजी त्याचीच आहे.

केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेशन रेझिस्टर (सिग्नल टोकावरून परत फिरू नये म्हणून) आहेत; पॉवर बंद करून ए आणि बी या डेटाच्या दोन तारांमध्ये साधारण ६० ओहम मिळतात. शील्ड एकाच बाजूला अर्थ केलीय. मात्र ही डेटा केबल ड्राइव्हच्या पॉवर केबलसोबत एकाच ट्रेमधून जाते, त्यामुळे ड्राइव्हचा विद्युत नॉइज तिच्यात येत असावा असा संशय आहे. हंगाम चालू असल्याने नवी ट्रे टाकणं अवघड.

तोवर आयसोलेटेड रिपीटर (दोन बाजू विजेने वेगळ्या ठेवून सिग्नल पुढे देणारा) पुरेल, की थेट फायबर कन्व्हर्टरच (तांब्याच्या तारेऐवजी प्रकाशाने सिग्नल नेणारा) लावावा? मिलच्या धुळीत, कंपनात कुणी फायबर वापरलंय का? अनुभव सांगा.