बौद्धिक दिव्यांग भावाची मतदार नोंदणी नाकारता येते का?

प्रश्न (सिडको, नाशिक):
माझा धाकटा भाऊ २२ वर्षांचा असून त्याला बौद्धिक दिव्यांगत्व आहे. यादीच्या कामासाठी घरी आलेल्या गृहस्थांनी माझा अर्ज घेतला, त्याचा मात्र "याला काय कळणार मतदानातले?" असे त्याच्या देखतच म्हणून परत केला. तो काही बोलला नाही, पण संध्याकाळभर आधार कार्ड हातात धरून बसला होता. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली आई त्याची पालक असल्यामुळे त्याचा हक्क संपला, असेही एका नातेवाइकांचे म्हणणे आहे. हे खरे आहे का?

उत्तर (पंचवटी):
ताई, मुळीच नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम १६ नुसार या कारणावरून नाव नाकारायचे असल्यास, ती व्यक्ती मनोविकल असल्याचे सक्षम न्यायालयाने घोषित केलेले असावे लागते. पालक नेमणारी स्थानिक स्तर समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असली तरी ती न्यायालय नव्हे, आणि दारात उभे राहून कोणाची समज जोखण्याचा अधिकार तर कोणालाच नाही. नमुना ६, म्हणजे नवीन मतदाराचा नोंदणी अर्ज, मतदार नोंदणी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्या, त्यातील दिव्यांगत्वाचा रकाना भरा आणि पोच घ्या. तरीही नाकारले, तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते.

उत्तर (जेल रोड):
नाव लागेल हो, पण पुढचा दिवस केंद्रावरचा असतो. मत देताना मदतीला सोबती आत नेण्याचा नियम अंधत्व आणि शारीरिक दुर्बलतेपुरता लिहिलेला आहे, त्यामुळे माझ्या मुलीला आत एकटीनेच जावे लागेल असे धरून मी पुठ्ठ्यावर चिन्हे चिकटवून, शेजारी निळी बटणे रंगवून तिच्याकडून आठवडाभर सराव करून घेतला. कोणाला मत गेले ते दाखवणारी, यंत्राच्या काचेमागची छापील चिठ्ठी ७ सेकंदच दिसते आणि घरी नेता येत नाही, हे तिला अजिबात पटले नव्हते. मत कोणाला दिलेस, असे काकांनी विचारल्यावर मात्र तिने "ते गुप्त असते" असे ठणकावून सांगितले.

उत्तर (गंगापूर रोड):
घरचेच पढवून पाठवतील, ही शंका रास्त नाही का?

उत्तर (जेल रोड):
दादा, पढवलेले मतदार आपल्या गल्लीत पुष्कळ आहेत. त्यांचे अर्ज कोणी परत केल्याचे मी ऐकलेले नाही.

प्रश्नकर्ती:
सोमवारी भावालाच घेऊन कार्यालयात जाते. काकू, पुठ्ठ्यावर पक्षांची खरी चिन्हे लावली होती, की फळे-फुले?