घरातला पहिला पदवीधर मध्येच का गळतो : पैसा कमी पडतो की सोबत?

पाणंद :

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल प्रवर्गातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. अनुसूचित जातीच्या मुलांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आधीपासून आहे, आर्थिकदृष्ट्या मागास मुलांना राजर्षी शाहू महाराज योजनेतून निम्मी फी मिळते. एवढं असताना मुलं मध्येच का सोडतात, असं विचारणारे बरेच भेटतात, म्हणून हा धागा.

२०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात महाराष्ट्राचं सकल नोंदणी प्रमाण ३५.३ टक्के आहे, देशाचं २८.४. हा आकडा कॉलेजात नाव असलेल्यांचा आहे. पदवी घेऊन किती बाहेर पडले ते त्यातून कळत नाही, आणि आपण मात्र त्याच आकड्यावर खूश होतो.

इंजिनिअरिंगचं घ्या. पहिल्या सत्रात गणित आणि मेकॅनिक्स राहिलं. एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय मागे ठेवून पुढं जायच्या सवलतीवर, पोरगा दुसऱ्या वर्षात गेला. बऱ्याच विद्यापीठांत पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षात प्रवेश मिळत नाही. म्हणजे दुसऱ्या वर्षाचा पूर्ण अभ्यास, वर हे दोन जुने पेपर. एखादा पुन्हा राहिला की ईयर डाऊन. त्या वर्षात तास नाहीत, म्हणून हजेरी नाही. हजेरी नाही म्हणून भत्ता नाही, आणि वसतिगृहातली जागाही जाते. मग ‘चार महिने घरी राहून अभ्यास करतो’ म्हणत तो गावी जातो. रजिस्टरात गळती तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर दिसते, पण ती पक्की झालेली असते पहिल्या सत्राच्या निकालाच्या आठवड्यात.

ज्या घरात आधी कोणी कॉलेजात गेलेलं असतं तिथं त्या आठवड्यात काय करायचं ते माहीत असतं. उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवायची, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज मुदतीत टाकायचा, बॅकलॉगचा फॉर्म विलंब शुल्क लागायच्या आत भरायचा, वरच्या वर्गातल्या कोणाकडून मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणायच्या. पहिल्या पिढीच्या मुलाला घरी हे सांगणारं कोणी नसतं. त्याला वाटतं, नापास म्हणजे आपली लायकीच नाही.

म्हणून माझा आग्रह असा : पहिल्या वर्षाच्या दर साठ-सत्तर मुलांमागे एक पूर्णवेळ, पगारी माणूस नेमा. तो शिकवणारा नसावा. पहिल्या चाचणीनंतर आठ दिवसांत प्रत्येकाशी पाच मिनिटं बोलणं, सलग तीन दिवस गैरहजर असलेल्याला फोन करणं, परीक्षा फॉर्मच्या शेवटच्या तारखेआधी यादी लावून राहिलेल्यांना हाताला धरून खिडकीवर नेणं, हे त्याचं काम. त्याला ‘सोबती’ म्हणा.

सातबारा :

मुद्दा मान्य, उपाय नाही. पोट रिकामं असेल तर सल्ला देणारा माणूस काय कामाचा?

आकडे बघा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे २०२१ चे निर्वाह भत्त्याचे दर : बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला घरून ये-जा करणाऱ्या मुलाला वर्षाला ३,००० रुपये, वसतिगृहात राहणाऱ्याला ६,०००. इंजिनिअरिंगसारख्या पहिल्या गटात ७,००० आणि १३,५००. तीन हजार म्हणजे महिन्याला अडीचशे, दिवसाला आठ रुपये. त्यात झेरॉक्सही होत नाही. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठीच्या स्वाधार योजनेत मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० आहेत (भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००). ही रक्कम खऱ्या खर्चाच्या निदान जवळ जाते. पण ती हप्त्यानं, हजेरीचा दाखला गेल्यावर येते. मेस आणि खोलीमालक मात्र जुलैपासून दर महिन्याला पैसे मागतात.

मधल्या महिन्यांत मुलगा काय करतो? गोदामात किंवा हॉटेलात रात्रपाळी धरतो. दोनला सुटतो आणि सकाळी आठच्या प्रॅक्टिकलला पोचत नाही. हजेरी ७५ टक्क्यांखाली गेली की टर्म अडकते. तुमचा माणूस त्याला फोन करून विचारणार, ‘का आला नाहीस?’ काय उत्तर द्यायचं त्यानं?

मुजफ्फरनगरकडच्या एका रोजंदाराच्या मुलाला २४ जून २०२४ ला संध्याकाळी पाचपर्यंत १७,५०० रुपये भरता आले नाहीत म्हणून धनबाद आयआयटीतली जागा गेली. ३० सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाला राज्यघटनेच्या कलम १४२ मधला पूर्ण न्यायासाठीचा खास अधिकार वापरून त्याला प्रवेश द्यावा लागला. हुशारी होती, पाठीशी उभं राहणारी माणसंही होती. त्या तारखेला रोकड नव्हती. भत्ता वाढवा आणि दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत द्या. बाकीचं नंतर.

शाईची दौत :

सातबारा, पैसे कमी आहेत हे खरं. पण जे मंजूर होतात तेसुद्धा पोचत नाहीत, आणि घोडं कुठं अडतं ते ठरलेलं आहे.

पहिलं, आधार जोडणी. महाडीबीटीचे, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे, पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जातात असा मुलांचा समज असतो. प्रत्यक्षात ते जातात आधारला शेवटी जोडल्या गेलेल्या खात्यात. सिमकार्ड घेताना कोणी पेमेंट बँकेचं खातं उघडून जोडलं असेल तर तिथं. मुलगा पासबुक भरून भरून थकतो. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ बघायला दोन मिनिटं लागतात. ते ऑगस्टमध्येच बघावं.

दुसरं, छोटं खातं. पुरी केवायसी न करता उघडलेल्या खात्यात एका वेळी ५०,००० पेक्षा जास्त शिल्लक चालत नाही, वर्षभरात एक लाखाहून जास्त जमाही नाही. सरकारी अनुदानाला शिल्लकेच्या मर्यादेतून नियमानं सूट आहे, तरी मोठी रक्कम आली की ती कधी परत जाते आणि पोर्टलवर नुसतं ‘फेल्ड’ दिसतं. शाखेत जाऊन केवायसी पुरी करून ते साधं बचत खातं करून घेतलं की काम होतं.

तिसरं, ओटीपी. आधारला जोडलेला नंबर बापाचा. दसऱ्यानंतर बाप ऊसतोडीला गेला, कोपीवर लाइट नाही, फोन बंद. कॉलेजनं त्रुटी काढून परत पाठवलेला अर्ज विद्यार्थ्याच्या लॉगिनला पडून राहतो. पुन्हा सादर केला नाही तर तो पुढं सरकतच नाही. टोळ्या हलायच्या आत मुलाच्या स्वतःच्या नंबरवर आधार करून घ्यावं, आणि उत्पन्नाचा दाखला मागताना एका वर्षाचा न मागता तीन वर्षांचा मागावा. दर वर्षी तलाठी, सेतू, तहसील असे खेटे घालावे लागत नाहीत.

चौथं सगळ्यात वाईट. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीतला केंद्राचा ६० टक्के हिस्सा आता थेट मुलाच्या खात्यात येतो आणि त्यातली फी सात दिवसांत कॉलेजात भरायची असते. आठ महिन्यांची उधारी असलेल्या घरात ते पैसे येतात. दुकानदाराचं देणं, बहिणीचं दुखणं, बियाण्याचे पैसे. त्यात कोणाचा लबाडपणा नाही. पण मग फी थकते आणि हॉल तिकीट अडतं.

म्हणून पाणंद, नवीन पद नको. शिष्यवृत्तीच्या खिडकीवर दोन हजार अर्जांमागे एक कारकून असतो, तिथं तीन करा.

कंदील :

माझा विरोध वेगळ्या कारणानं. पालक-शिक्षक योजना प्रत्येक कॉलेजात आहेच. नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठीच्या, फाइलीत वीस मुलांमागे एका प्राध्यापकाचं नाव लावलेलं असतं, सह्या असतात, ‘समुपदेशन केले’ असा शेराही असतो. ज्यांची नावं लावलेली असतात त्यांतले कित्येक तासिका तत्त्वावरचे. दोन कॉलेजांत धावपळ करतात, तासाचे पैसे सत्र संपल्यावर मिळतात. ते कोणाला फोन करणार? तुमच्या ‘सोबत्या’चंही तेच होईल. अनुदान आलं तर एक वर्ष चालेल, पुढच्या वर्षी तेच काम कोणा प्राध्यापकाच्या गळ्यात पडेल.

पाणंद :

कंदील, म्हणूनच तो माणूस शिकवणारा नसावा, आणि हिशेब एकाच गोष्टीचा मागावा : त्याच्या यादीतली किती मुलं सगळे विषय सोडवून दुसऱ्या वर्षात गेली. शेरे नकोत.

हे करून बघितलेलं आहे. न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठानं २००७ मध्ये कम्युनिटी कॉलेजांतल्या (दोन वर्षांच्या पदवीच्या) गरीब मुलांसाठी ‘असाप’ योजना सुरू केली. सल्लागारामागे ६० ते ८० विद्यार्थी, नेहमीच्या पद्धतीत ते ६०० च्या वर असत. फीची उरलेली तूट भरली, पुस्तकं दिली आणि मेट्रोचा पास दिला. पास मिळायचा तो सल्लागाराला भेटल्यावर. चिठ्ठ्या टाकून केलेल्या तुलनेत तीन वर्षांत पदवी घेणारे ४० टक्के निघाले, योजनेबाहेरचे २२. सातबारा, तिथं पैसा आणि माणूस एकाच खिडकीत होते. दोन्ही वेगळे केले की निम्मं काम होतं, एवढंच माझं म्हणणं.

तिसरी घंटा :

सगळे पदवीलाच का कवटाळून बसलाय? नव्या धोरणात पहिल्या वर्षानंतर बाहेर पडायची सोय आहे. वर्षाचे क्रेडिट पुरे करून चार क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप केली की प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका. तीन वर्षांच्या आत परत येता येतं, एकूण सात वर्षांत पदवी पुरी करायची. ज्याच्या घरी आज कमाईची गरज आहे त्याला ‘टिकून राहा’ म्हणत ओढत नेणं हा अन्याय आहे. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षापर्यंत ताणून हातात काय येतं? त्यापेक्षा आयटीआयचा फिटर लवकर कमावता होतो.

उंबरठा :

तिसरी घंटा, आयटीआयबद्दल वाद नाही. पण बाहेर पडायची सोय वापरणार कोण? ज्याच्या घरी माहिती आहे तो ती विचारानं वापरेल. गावातल्या मुलीच्या बाबतीत तो निर्णय घरचे घेतील. ‘एक वर्षाचं सर्टिफिकेट मिळालं ना, बास झालं’ म्हणतील आणि वैशाखात लग्न लावतील. तीन वर्षांत परत यायची मुभा कागदावर राहील.

मुलींचं आणखी एक कोणी बोलत नाही. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत एसटी पास बारावीपर्यंत आहे. प्रथम वर्षाला गेली की तो बंद. मग विद्यार्थी पास काढायचा, दोन तृतीयांश सवलत मिळते, पण उरलेला तिसरा हिस्सा दर महिन्याला रोख लागतो आणि डेपोच्या खिडकीवर रांग असते ऐन तासाच्या वेळी. प्राचार्यांनी यादी दिली की पास कॉलेजात आणून द्यायची मोहीम एसटीनं २०२४ मध्ये सुरू केली आहे. यादी द्यायला काही खर्च येत नाही.

आणि बसची वेळ. प्रॅक्टिकलची तुकडी आडनावांच्या क्रमानं लावतात. शेवटची गाडी सव्वापाचला आणि तुकडी सुटते साडेपाचला, म्हणून मुलगी दर आठवड्याला ते प्रॅक्टिकल बुडवते. सत्राअखेर जर्नलवर सही मिळत नाही, टर्म जाते, आणि शेरा पडतो ‘अनियमित’. प्रवेश अर्जात गाव आणि शेवटच्या बसची वेळ हे दोन रकाने घाला आणि लांबच्या मुलींची तुकडी दुपारी बाराची करा.

शाईची दौत, तुमच्या यादीत एक भर. शिकत असताना लग्न झालं की सासरचे रेशनकार्डासाठी आधारवरचं नाव बदलून घेतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर आणि विद्यापीठाच्या नोंदणीत माहेरचं नाव असतं, दोन्हीचा मेळ बसत नाही आणि अर्ज अडतो. शेवटच्या वर्षाचा निकाल लागेपर्यंत आधारला हात लावू नका, हे सासरच्यांना आधीच सांगून ठेवावं.

सातबारा :

उंबरठा यांच्या बसच्या मुद्द्यानं मी थोडा हललो, पण भूमिका तीच. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात. त्यांनी आधी जेवण आणि झोपायला जागा दिली. सोबत आणि शिस्त त्याच छताखाली आपोआप आली. १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं ते ‘कमवा आणि शिका’वर, काम कॉलेजच्याच आवारात. आजही रात्रपाळीच्या जागी ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, रोपवाटिकेत रोज तीन तासांचं काम आणि महिन्याच्या महिन्याला पैसे दिले तर मुलगा कॉलेज सोडून बाहेर जाणार नाही. पाणंद, तुमच्या सोबत्याचा पगार आधी तिकडं वळवा.

शाईची दौत :

‘कमवा आणि शिका’मध्येसुद्धा बिलं दोन-दोन महिने मागं राहतात, विद्यापीठाचा हिस्सा उशिरा येतो म्हणून. कॉलेजनं स्वतःच्या विद्यार्थी कल्याण निधीतून आधी द्यावं आणि नंतर वळतं करून घ्यावं. प्राचार्यांनी मनावर घेतलं तर हे होण्यासारखं आहे.

पाणंद, पदाबद्दल माझं मत तेच आहे, पण निकालाच्या आठवड्याचं पटलं. विद्यापीठाकडून निकालपत्रक आलं की दोन किंवा जास्त विषय राहिलेल्यांची यादी वेगळी काढायला अर्धा तास लागतो. ती त्याच दिवशी शिष्यवृत्तीच्या खिडकीवर आली तर फोटोकॉपीच्या मुदतीत निदान फोन तरी जातील. पण काही मुलांचे नंबर बदललेले असतात, तेव्हा प्रवेशाच्या वेळी तीन नंबर घ्यावेत : मुलाचा, घरचा, आणि गावातल्या ज्या दुकानात निरोप पोचतो त्याचा.