शब्दचर्चा : जर्मनमध्ये २ला 'त्स्वाय' की 'त्स्वो'?

प्रश्न : पाठ्यपुस्तकात २ म्हणजे 'त्स्वाय'. पण जर्मन लोक फोन नंबर सांगताना सर्रास 'त्स्वो' म्हणतात. तसंच ५०ला 'फ्युन्फत्सिश'ऐवजी 'फुफत्सिश' ऐकू येतं. ही दोन्ही बोलीतली रूपं समजायची का? ऑफिसात वापरली तर चालतील?

उत्तर : दोन्हींना एकाच पंगतीला बसवू नका. 'त्स्वो' ऐकणाऱ्याच्या सोयीसाठी आहे, 'फुफत्सिश' बोलणाऱ्याच्या.

२ 'त्स्वाय' आणि ३ 'द्राय'. दोन्हींत ठसठशीत ऐकू येतो तो 'आय'. फरक फक्त सुरुवातीच्या व्यंजनांत. जुन्या टेलिफोनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पलीकडे जायचा. 'त्स'मधल्या सकाराची सळसळ बरीचशी त्याच्या वर असते, म्हणजे नेमका ओळखू येणारा भागच गळतो आणि कानावर नुसतं 'आय' पडतं. ३२ आणि ३३ची तर पंचाईतच : 'त्स्वायउंटद्रायसिश' आणि 'द्रायउंटद्रायसिश'. 'त्स्वो' म्हटलं की स्वरच बदलतो, आणि स्वर खराब लाइनवरही तग धरतो. म्हणून टेलिफोनच्या काळात हे रूप पुन्हा चलनात आलं. जर्मनमधून चालणाऱ्या विमान-रेडिओवर तर २चा ठरलेला उच्चारच 'त्स्वो' आहे.

उच्चारापुरती एक सूचना : हा 'त्स' म्हणजे 'चमचा'तला च, 'चहा'तला नव्हे. मराठी माणसाच्या तोंडात तो तयारच असतो.

पुरवणी : वरच्या उत्तरात 'पुन्हा' हा शब्द आहे, तो महत्त्वाचा. 'त्स्वो' कुणी फोनसाठी घडवलेलं नाही. जुन्या जर्मनमध्ये दोनला तीन लिंगांची तीन रूपं होती : पुल्लिंगी 'त्स्वेन', स्त्रीलिंगी 'त्स्वो', नपुंसकलिंगी 'त्स्वाय'. आपल्या दोघे, दोघी, दोघं यांच्यासारखीच. मार्टिन लूथरने केलेल्या जुन्या जर्मन बायबलात दोन भावांसाठी 'त्स्वेन' आहे. पुढे प्रमाण भाषेत नपुंसकलिंगी रूपच सगळ्यांसाठी उरलं. स्वित्झर्लंडच्या बर्न भागातल्या बोलीत मात्र हा भेद अजून जिवंत आहे : पुरुष 'त्स्वे', बायका 'त्स्वो', मुलं 'त्स्व्योय'. तेव्हा 'त्स्वो'ला अशुद्ध म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

मूळ प्रश्नकर्ता : मग तारखेत 'त्स्वोटे' का म्हणतात? दुसरा 'त्स्वायटे' आणि तिसरा 'द्रिटे', इथे गोंधळ होण्यासारखं काहीच नाही.

उत्तर : बरोबर, तिथे गरज नाही. 'त्स्वो'ची सवय जडली आणि ती क्रमवाचकातही पसरली, एवढंच. २०० 'त्स्वोहुंडर्ट' होतं, २२ 'त्स्वोउंटत्स्वान्त्सिश' होतं. पण 'दोघं मिळून' या अर्थाचं 'त्सू त्स्वाइट' आहे तसंच राहतं, आणि 'मोडलेलं' या अर्थाचं 'एन्टत्स्वाय' कधीच बदलत नाही. आकडा म्हणून मोजणी असेल तिथेच 'त्स्वो' शोभतं. अक्षरी रक्कम लिहिताना 'त्स्वाय'च लिहा.

हीच युक्ती महिन्यांनाही लावतात. जून 'यूनी', जुलै 'यूली'. फरक फक्त न आणि ल यांचा. म्हणून फोनवर जूनला 'यूनो' आणि जुलैला 'यूलाय' म्हणतात. दोन्हींपैकी एक बदललं तरी काम भागतं. ही रूपंही लिहायची नाहीत.

आणखी एक उत्तर : 'फुफत्सिश'बद्दल. 'फ्युन्फ'ला 'त्सिश' जोडलं की न, फ, त, स अशी चार व्यंजनं एकापाठोपाठ येतात. सैल बोलण्यात न गळतो आणि स्वरही 'उ'कडे सरकतो. १५चं 'फुफत्सेन' तसंच. मित्रांत, बाजारात चालतं. मुलाखतीत किंवा सरकारी कचेरीत 'फ्युन्फत्सिश' म्हणावं. ५०च्या नोटेला 'फुफत्सिगर' म्हणतात, आणि 'खोटा फुफत्सिगर' म्हणजे भरवशाचा नसलेला माणूस. या वाक्प्रचारात मात्र हेच रूप बसलेलं आहे.

शिकणाऱ्यांची चूक बहुधा उलटी होते : 'त्स्वो'ला गावठी समजून टाळतात आणि 'फुफत्सिश' ऐटीत वापरतात. नंबर, पिनकोड, खातेक्रमांक सांगताना 'त्स्वो' बिनधास्त म्हणा, बँकेतसुद्धा.

नंबर लिहून घेताना खरी अडचण जोड्यांची असते. ३२ म्हणताना जर्मन आधी दोन उच्चारतो, मग तीस. आपलं 'बत्तीस'ही एककापासूनच सुरू होतं, पण तो शब्द आपण सलग ओळखतो. जर्मनमध्ये पहिला तुकडा कानावर पडताच हात २ लिहून मोकळा होतो आणि ३२चे २३ होतात. जोडी पूर्ण ऐकेपर्यंत पेन टेकवू नका. तरी जमत नसेल तर 'आइन्त्सेल्न, बिट्टे' म्हणा. म्हणजे समोरचा एकेक आकडा सुटा सांगेल, आणि बहुतेक वेळा 'त्स्वो'च म्हणेल.