विशेषांकाचं अतिथी संपादकपद: 'काम फारसं नसतं' म्हणे!

शाईचा डाग
'रानवाट' यांनी लिहिलंय की पीएच.डी. झाल्याबरोबर एखाद्या जर्नलला (संशोधनपत्रिकेला) विशेषांकाचा, म्हणजे एकाच विषयावरच्या अंकाचा प्रस्ताव पाठवा, तो अंक अतिथी संपादक म्हणून आपण काढायचा, सीव्हीवर संपादक म्हणून नाव लागतं, ओळखी वाढतात, आणि 'काम फारसं नसतं'. हे शेवटचं वाचून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा.

प्रस्तावात विषय आत्ताच का, लेखक कोण, त्यांच्या लेखांचे सारांश, वेळापत्रक काय, हे सगळं द्यावं लागतं. तो मंजूर झाला की खरी कसोटी. ज्यांना आपण आग्रह करून बोलावलं त्यांचाच कच्चा लेख आला की नाही म्हणायचं. मी एका ज्येष्ठांचा लेख परत पाठवला, त्यानंतर त्यांनी माझ्या एकाही मेलला उत्तर दिलेलं नाही. आमंत्रण म्हणजे स्वीकृती नव्हे हे पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, तरीही.

आणि काम न करणारे अतिथी संपादक असले की काय होतं ते हिंदावी या जर्नल काढणाऱ्या कंपनीत दिसलं. वायली या मोठ्या प्रकाशकाने २०२१ मध्ये ती घेतली आणि २०२३ मध्ये ८,००० हून जास्त लेख मागे घ्यावे लागले. बहुतेक विशेषांकांतले.

रानवाट
माझं एक वाक्य उचलून हिंदावीपर्यंत पोचलात. तिथे पेपर मिल, म्हणजे पैसे घेऊन बनावट शोधलेख पुरवणारे धंदेवाले घुसले होते, होतकरू संशोधक नव्हे.

आमचा विषय दोन शाखांच्या मधला. नियमित अंकाला लेख पाठवला की 'आमच्या कक्षेत बसत नाही' एवढं एक वाक्य येऊन डेस्क रिजेक्ट, म्हणजे समीक्षकांकडे न जाताच परत. विशेषांक काढला तेव्हा कुठे आमच्यासारखे इतरही आहेत हे कळलं. प्रस्थापितांना हा मार्ग नको असणारच, त्यांना तो लागत नाही.

तिसरा समीक्षक
दोघंही मूळ दुखणं सोडून बोलताय. लेख तपासणार कोण? एवढ्याशा विषयात जाणकार मोजके. ते सगळे लेखक म्हणून बोलावले की उरतं कोण? मग लेखक एकमेकांचेच लेख तपासतात आणि त्याला पीअर रिव्ह्यू म्हणतात. मला एकाच विशेषांकातून लागोपाठ लेख येत राहिले. मी थांबलो तर वर 'सहकार्य अपेक्षित होतं' असं पत्र.

मुदतवाढ
@तिसरा समीक्षक, नकार द्या, कोणी अडवलंय? राग येतो तो उत्तरच न देणाऱ्यांचा. 'हो' म्हणून दोन स्मरणपत्रांनंतर गायब होणारे आणि स्वतःचा लेख अडला की दर आठवड्याला विचारणारे बहुधा तेच असतात. जितके लेख पाठवता त्याच्या दुप्पट तरी तपासायला हवेत.

तिसरा समीक्षक
दुप्पट? फुकट? लेखकाकडून प्रकाशन शुल्क घेणारी कंपनी मला छदाम देत नाही आणि हिशोब तुम्ही माझ्याकडे मागताय?

मुदतवाढ
कंपनीला शिक्षा करा की. ताटकळतो तो विद्यार्थी, ज्याचा प्रबंध त्या एका लेखावर अडकलाय. माझ्या विद्यार्थिनीचं असंच झालं. तिला तुमची तत्त्वं सांगू का?

तिसरा समीक्षक
विद्यार्थिनीला पुढे करू नका. रात्री जागून सविस्तर अहवाल लिहिलाय मी, आणि संपादकाने तो न वाचता लेख छापलाय. त्यावर बोला.

शाईचा डाग
दोघांनी जरा थांबा. मूळ मुद्दा: नियम आहेत, ते पाळून घेणारं कोणी नाही. डीओएजे या मुक्त-प्रवेश जर्नलांच्या सूचीच्या निकषांनुसार अतिथी संपादकांचे स्वतःचे लेख अंकातल्या एकूण लेखांच्या २५ टक्क्यांवर जाता कामा नयेत, त्यांचं परीक्षण स्वतंत्रपणे व्हायला हवं आणि मुख्य संपादकांची देखरेख हवी. स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय विज्ञान निधीने तर फेब्रुवारी २०२४ पासून विशेषांकातल्या लेखांचं प्रकाशन शुल्क देणंच बंद केलं.

रानवाट
म्हणजे चांगल्या विशेषांकातल्या लेखकालाही फटका. हा न्याय? जर्नल ऑफ नॅनोपार्टिकल रिसर्चला भामट्यांनी नामांकित शास्त्रज्ञांच्या नावाने, विद्यापीठाच्या पत्त्यासारखेच दिसणारे ईमेल पत्ते वापरून विशेषांकाचा प्रस्ताव पाठवला आणि फसवलं. त्यात त्या शास्त्रज्ञांचा काय दोष? ओळख पडताळणं जर्नलचं काम होतं.

शाईचा डाग
एवढं मान्य. पडताळणी जर्नलचीच जबाबदारी, आणि नव्या विषयांना विशेषांकाचा आधार मिळतो हेही नाकारत नाही. पण नवख्याला 'काम फारसं नसतं' सांगून त्यात ढकलू नका.

रानवाट
ठीक, 'काम भरपूर असतं' असं बदलतो. प्रस्ताव पाठवा हा सल्ला मात्र कायम. सोबत एखादा अनुभवी सहसंपादक घ्यावा, म्हणजे ज्येष्ठांना नकार एकट्याच्या नावाने जात नाही.

तिसरा समीक्षक
आणि समीक्षक कुठून आणणार ते प्रस्तावातच लिहा. लेखकांच्या यादीत नसलेली नावं, त्यांना आधी विचारून. ती जमत नसतील तर अंक काढू नका.

मुदतवाढ
हे पहिल्यांदा पटलं. त्या यादीत तुमचं नाव घालू का?

तिसरा समीक्षक
एका अंकाचा एकच लेख. आणि माझा अहवाल वाचणार असाल तरच.